सरकते पान, बदलती चौकट

मोबाइलवर बातमी वाचताना पान खाली सरकवले की वरची नावाची पट्टी बारीक होते, थोडे मागे आले की ती पूर्ववत होते, आणि फोन आडवा धरला की एकाखाली एक असलेले मजकुराचे तुकडे शेजारीशेजारी येऊन बसतात. यातले काहीही वाचकाने सांगितलेले नसते, त्यामुळे संगणकाच्या आतल्या कारभाराशी देणेघेणे नसलेला माणूसही कधीतरी विचारतोच, की वाचणारा कुठवर पोचला आहे आणि त्याच्या हातातला पडदा केवढा आहे, हे त्या पानाला कळते तरी कसे? कळण्याचा भाग तसा सोपा आहे, कारण ही दोन्ही मापे ब्राउझरला, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, सफारी यांसारख्या पान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, पान रंगवण्यासाठी मुळातच लागत असतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मापावरून रूप ठरवले की बदललेल्या रूपामुळे मापच बदलते, आणि मग नव्या मापावरून रूप पुन्हा ठरवण्याची वेळ येते. या कामासाठी वेबवर जी साधने निघाली, त्यांतली चांगली साधने हे चक्र कुठेतरी तोडतात, आणि पाने अडखळतात किंवा थरथरतात ती बहुतेक वेळा हे चक्र न ओळखल्यामुळे.

१. एक पान, दोन आकडे

वेबपान तीन प्रकारच्या सूचनांनी बनते. ‘एचटीएमएल’ या भाषेत पानात काय काय आहे ते लिहिलेले असते: हा मथळा, हा परिच्छेद, हे चित्र. अशा प्रत्येक तुकड्याला घटक म्हणतात. ‘सीएसएस’ या दुसऱ्या भाषेत प्रत्येक घटक कसा दिसावा, म्हणजे त्याचा रंग, आकार, अंतर आणि जागा यांचे नियम असतात. या रूपालाच हे काम करणारे लोक ‘स्टाइल’ म्हणतात. तिसरी ‘जावास्क्रिप्ट’ ही पूर्ण अर्थाने प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा आहे. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचे पहिले रूप अवघ्या दहा दिवसांत उभे केले, आणि उघडलेल्या पानात नंतर काही घडवून आणायचे असेल तर पुढे बरीच वर्षे तिच्यावाचून गत्यंतर नव्हते.

पान सहसा पडद्यापेक्षा लांब असते, म्हणून ब्राउझर त्याचा एक भागच एका वेळी दाखवतो. दिसणाऱ्या भागाच्या या आयताला ‘व्ह्यूपोर्ट’ असे नाव असून पुढे त्याला चौकट म्हटले आहे. प्रस्तुत विषयाला लागणारे आकडे मुख्यतः दोन: चौकट किती रुंद आहे, आणि पान आपल्या मूळ जागेपासून किती वर सरकले आहे. पानाची उंची ४००० पिक्सेल आणि चौकटीची ८०० असेल, तर पान जास्तीत जास्त ३२०० पिक्सेल सरकू शकते. ते १६०० सरकले असेल तर वाचक बरोबर अर्ध्यावर आहे, आणि लेखाच्या माथ्यावर ‘किती वाचून झाले’ ते दाखवणारी जी बारीक रंगीत रेघ असते तिची लांबी याच भागाकारातून येते. येथे पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा प्रत्यक्ष ठिपका नव्हे, हेही ध्यानात घ्यावे लागते. १०८० ठिपके रुंद असलेला फोन वेबपानाला आपली रुंदी बहुधा ३६० सांगतो, कारण त्याचे ठिपके इतके बारीक असतात की तीन ठिपक्यांचा मिळून एक पिक्सेल धरला नाही तर अक्षरे वाचताच येणार नाहीत.

२. रुंदीप्रमाणे रूप

चौकटीचे माप पाहून स्टाइल बदलण्याची कल्पना सीएसएसच्या जन्माइतकीच जुनी आहे. हाकोन विउम ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत असताना १० ऑक्टोबर १९९४ रोजी सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला, त्यातच पुढची संभाव्य भर म्हणून एक नमुना दिलेला होता: पडद्याची उंची तीस सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल तर एक स्टाइल घ्यावी, नाहीतर दुसरी. त्याच्याच शेजारी, मजकूर तीन दिवसांहून जुना असेल तर पानाची पार्श्वभूमी फिकट पिवळी करावी, अशीही एक गमतीची अट होती. ही दुसरी अट कोणी उचलली नाही, आणि पहिलीलाही दिवस यायला बराच काळ जावा लागला, कारण तोवर पाने टेबलावरच्या मॉनिटरसाठीच आखली जात आणि ती ठरावीक रुंदीची असली तरी कोणाचे फारसे अडत नसे.

२००७ मध्ये आयफोन आला तेव्हा त्याच्या ब्राउझरने एक तडजोड केली: पडदा लहान असूनही चौकट ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून पान मांडायचे आणि मग ते सगळे आकसून दाखवायचे. पान मोडत नसे, पण वाचण्यासाठी बोटांनी मोठे करावे लागे. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी ‘ए लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात तीन गोष्टी एकत्र आणल्या: टक्केवारीत मोजलेले रकाने, जागेनुसार आकसणारी चित्रे आणि ‘मीडिया क्वेरी’, म्हणजे अट घातलेले सीएसएसचे नियम. चौकट ६०० पिक्सेलपेक्षा अरुंद असेल तर एकच रकाना, अधिक रुंद असेल तर दोन, असा नियम लिहून ठेवला की खिडकी लहानमोठी होताना तो लावण्याचे आणि काढण्याचे काम ब्राउझर स्वतःच पाहतो. जावास्क्रिप्टची एक ओळही लागत नाही. जून २०१२ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मीडिया क्वेरींना अंतिम मान्यता दिली.

या नियमांना प्रस्तावनेतल्या चक्राची बाधा होत नाही, कारण खिडकीची रुंदी वाचकाच्या हातात असते आणि पानात काहीही बदलले तरी ती बदलत नाही. अपवाद फक्त उजवीकडच्या सरकपट्टीचा होऊ शकला असता. नियमामुळे पान लांबले, लांबल्यामुळे सरकपट्टी उगवली, तिने दहापंधरा पिक्सेल खाल्ले, त्यामुळे चौकट अरुंद होऊन नियम उलटला, नियम उलटल्यामुळे पान आखूड झाले आणि सरकपट्टी गेली, असे कितीही वेळ चालले असते. मानक लिहिणाऱ्यांनी ही फट आधीच बुजवली आहे: मीडिया क्वेरीतली रुंदी सरकपट्टीसकट मोजायची, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बाहेरून क्षुल्लक वाटणारे हे वाक्य नसते तर काही पाने उघडताक्षणी थरथरत राहिली असती.

अट घालून रूप एकदम बदलण्याऐवजी ते हळूहळू वाढवत नेण्याचीही सोय आहे. मथळ्याच्या अक्षरांचा आकार ‘१४ पिक्सेल अधिक चौकटीच्या रुंदीचा एक टक्का, मात्र १८ पेक्षा कमी नाही आणि २४ पेक्षा जास्त नाही’ असा सांगता येतो. ३६० पिक्सेलच्या फोनवर हिशेब १७.६ येतो, म्हणून १८ वापरले जातात. ८०० पिक्सेलच्या टॅब्लेटवर बरोबर २२ येतात. १४०० पिक्सेलच्या मॉनिटरवर हिशेब २८ सांगतो, पण मर्यादेमुळे २४ वरच थांबावे लागते. मराठी मथळ्यांना खालची मर्यादा फार वर ठेवून चालत नाही, कारण ‘महानगरपालिकेच्या’ किंवा ‘स्वातंत्र्यसैनिकांच्या’ असे शब्द मध्येच तुटत नाहीत आणि अरुंद चौकटीत ते सरळ कडेबाहेर जातात. पान मोठे करून वाचणाऱ्यालाही याच नियमांचा लाभ होतो. १२८० पिक्सेल रुंद खिडकीत पान चौपट मोठे केले तर चौकट ३२० पिक्सेलची झाल्यासारखी वागते आणि फोनसाठी लिहिलेले नियम लागू होतात. कमी दिसणाऱ्या वाचकाला प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे ओढावे लागू नये, अशी अपेक्षा सुलभतेच्या २०१८ च्या मार्गदर्शक मानकात नेमक्या याच ३२० च्या आकड्याने मांडलेली आहे.

३. सरकण्याची खबर

रुंदी क्वचित बदलते. सरकणे मात्र अखंड चाललेले असते. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवतात, म्हणजे एका चित्रासाठी, ज्याला फ्रेम म्हणतात, साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. सेकंदाला १२० चित्रे दाखवणाऱ्या फोनवर हा अवधी जेमतेम आठ मिलिसेकंदांचा उरतो. पान सरकले की ब्राउझर जावास्क्रिप्टला खबर देतो, तिला ‘स्क्रोल इव्हेंट’ म्हणतात. खिडकीचे माप बदलले की तशीच ‘रिसाइझ इव्हेंट’ ही खबर येते. प्रोग्रॅमने ती ऐकून किती सरकले ते पाहावे आणि घटकाची स्टाइल बदलावी, अशी ही सर्वांत जुनी आणि वरकरणी सर्वांत सोपी रीत.

तिची किंमत २०११ च्या जानेवारीत चव्हाट्यावर आली. ट्विटरच्या पानावर खाली सरकताना ते अडखळू लागले, आणि जेक्वेरी या लोकप्रिय जावास्क्रिप्ट-संचाचे निर्माते जॉन रेसिग यांनी कारण शोधून काढले: सरकण्याच्या प्रत्येक खबरेसरशी पानातले घटक नव्याने हुडकण्याचे काम चालले होते. त्यांनी सुचवलेला उपाय अगदी साधा होता. खबर आली की फक्त ‘सरकले आहे’ एवढी खूण करून ठेवायची आणि ती खूण दर २५० मिलिसेकंदांनी एकदा तपासून मगच खरे काम करायचे. याच विचारातून दोन रीती रूढ झाल्या. ‘थ्रॉटल’ म्हणजे खबरा कितीही आल्या तरी ठरलेल्या अवधीत एकदाच काम करणे, आणि ‘डीबाउन्स’ म्हणजे खबरा थांबून काही क्षण शांतता झाल्यावरच काम करणे. वाचनाची प्रगती दाखवणाऱ्या रेघेला पहिली रीत मानवते. खिडकी ओढून मोठी करणाऱ्याचा हात थांबल्यावर आलेख नव्याने काढायचा असेल तर दुसरी. आजचे ब्राउझर सरकण्याची खबर सहसा फ्रेममागे एकदाच देतात आणि ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’ या सोयीने पुढचे चित्र रंगवण्याच्या नेमके आधी काम करून घेता येते, त्यामुळे २५० हा आकडा आता कोणी वापरत नाही. त्यामागचे तारतम्य मात्र अजून तेवढेच लागते.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. पान सरकवण्याचे काम आणि जावास्क्रिप्ट चालवण्याचे काम आधुनिक ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या धाग्यांवर चालते, जेणेकरून प्रोग्रॅम अडकला तरी बोटाखालचे पान अडकू नये. परिणामी, प्रोग्रॅमला खबर पोचते तोवर पान पुढे गेलेले असू शकते, आणि सरकण्याबरोबर हलणारे चित्र एखादे पाऊल मागे राहून थरथरल्यासारखे दिसते. आयफोनच्या ब्राउझरमध्ये तर २०१४ पर्यंत ही खबर सरकणे संपल्यावरच मिळत असे. उलट बाजूने, बोटाच्या स्पर्शावर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम सरकणे रद्द करणार की काय, हे कळेपर्यंत ब्राउझरला पान रोखून धरावे लागे. म्हणून क्रोमने २०१६ मध्ये ‘पॅसिव्ह’, म्हणजे ‘फक्त पाहीन, अडवणार नाही’ असे आधीच कबूल करणारी नोंदणी आणली.

४. मोजा, बदला, पुन्हा मोजा

स्टाइल बदलल्यावर ब्राउझर तीन टप्प्यांनी काम करतो: मांडणी, म्हणजे कोणता घटक कुठे आणि केवढा, याचा हिशेब, रंगकाम, म्हणजे ठिपके भरणे, आणि शेवटी तयार थर एकमेकांवर बसवणे. उंची, रुंदी, अंतर बदलले की तिन्ही टप्पे करावे लागतात. घटक नुसता सरकवला, फिरवला किंवा पारदर्शक केला तर बहुतेकदा शेवटचा टप्पाच पुरतो. ब्राउझर आळशी असतो आणि ते चांगलेच आहे. बदल साठवून तो मांडणी एकदाच करतो. पण बदल केल्याबरोबर प्रोग्रॅमने एखादे माप विचारले तर खरे उत्तर देण्यासाठी त्याला मांडणी तिथल्या तिथे करणे भाग पडते. शंभर चौकोनांची उंची त्यांच्या रुंदीच्या निम्मी करायची आहे असे समजावे. एक मोजला, एक बदलला, दुसरा मोजला, दुसरा बदलला, असे केले तर मांडणी शंभरदा होऊ शकते. शंभर मापे आधी घेऊन मग शंभर बदल केले तर ती एकदाच पुरते. काम तेवढेच असते, फक्त त्याचा क्रम बदलतो.

याहून फसवे चक्र बारीक होणाऱ्या पट्टीत असते. १२० पिक्सेल उंचीची पट्टी पान १०० पिक्सेल सरकताच ६० ची करायची, असा नियम केला आहे. वाचक १०५ वर पोचतो, पट्टी बारीक होते आणि तिच्याखालचा मजकूर ६० पिक्सेल वर उडी मारणार, एवढ्यात ब्राउझर मध्ये पडतो. वाचत असलेली ओळ डोळ्यांसमोरून हलू नये म्हणून क्रोमने २०१७ मध्ये आणलेल्या ‘स्क्रोल अँकरिंग’ या सोयीनुसार तो सरकण्याचा आकडाच ६० ने कमी करतो. आकडा ४५ झाला. ४५ हा १०० पेक्षा कमी, म्हणून पट्टी मोठी होते. ओळ पुन्हा हलू नये म्हणून आकडा पुन्हा १०५. पट्टी पुन्हा बारीक. बोट जागच्या जागी आहे आणि पट्टी मात्र फडफडते आहे. अशा वेळी दोष शोधणारा माणूस हटकून रंगांच्या आणि वेगाच्या नियमांत शोधत बसतो, कारण त्याच्या नियमात चूक अशी काहीच दिसत नाही.

तोडगा म्हणजे एका उंबरठ्याऐवजी दोन. १४० च्या पुढे गेल्यावर बारीक व्हायचे, ६० च्या मागे आल्यावरच मोठे व्हायचे. १४५ वर पट्टी बारीक झाली, आकडा ८५ झाला, ८५ हा ६० च्या वरच असल्याने काही घडत नाही. परतताना ५९ वर पट्टी मोठी झाली, आकडा ११९ झाला, तो १४० च्या आतच आहे. दोन उंबरठ्यांमधले अंतर उंचीतल्या फरकापेक्षा जास्त ठेवले की झाले. येथे ते ८० आणि फरक ६०. दुसरा आणि बहुधा अधिक चांगला मार्ग म्हणजे पट्टीने अडवलेली जागा कायम १२० च ठेवणे आणि आतला देखावा तेवढा आकसणे, म्हणजे मजकूर हलण्याचा प्रश्नच उरत नाही. देवनागरीत या बारीक पट्टीची आणखी एक खोड दिसते. रोमन अक्षरे पाहून आखलेल्या पट्टीत ओळीची उंची इतकी कमी केलेली असते की ‘सिंधुदुर्ग’ असा शब्द आला की वर वेलांटी, अनुस्वार, रफार आणि खाली दोन उकार यांतले काहीतरी छाटले जातेच. पट्टीला ठरीव उंची न देता किमान उंची दिली आणि ओळींना मोकळी जागा ठेवली, तर हे टळते.

५. विचारत बसण्यापेक्षा

शेगडीवर दूध ठेवून माणूस समोर उभा राहिला आणि क्षणभर नजर हलली की तेवढ्यात ते उतू गेले, हा अनुभव घरोघरचा. दुहेरी भिंतीच्या दुधाच्या कुकरला शिट्टी असते, म्हणून तो चढवून माणूस दुसऱ्या कामाला जातो आणि वेळ झाली की शिट्टीच त्याला बोलावते. स्क्रोल इव्हेंट ऐकणारा प्रोग्रॅम समोर उभ्या राहिलेल्या माणसासारखा असतो. त्याला खरे तर एवढेच हवे असते, की अमुक चित्र चौकटीत आले की सांगा. पण त्यासाठी तो सेकंदाला साठ वेळा त्या चित्राची जागा विचारत राहतो. २०१६ मध्ये क्रोमने ‘इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर’ आणला आणि शिट्टीची सोय झाली. चित्राचा अर्धा भाग चौकटीत आला की कळवा, अशी नोंद केली की मधल्या काळात प्रोग्रॅमला काहीच करावे लागत नाही. जागांचा हिशेब ब्राउझर आपल्या सवडीने, मांडणी झाल्यावर करतो. हे साधन घडवण्यामागे जाहिराती खरोखर वाचकाच्या नजरेसमोर आल्या की नाही हे मोजण्याची गरज हे एक मोठे कारण होते. वाचकांच्या सोयीपेक्षा जाहिरातदारांच्या निकडीने एखादे काम लवकर होते, याचे हे एक उदाहरण म्हणावे लागेल.

लांब लेखाच्या कडेला असलेल्या अनुक्रमणिकेत चालू प्रकरणाचे नाव ठळक होणे, चित्रे जवळ आल्यावरच उतरवून घेणे, पट्टी बारीक करणे, ही सगळी कामे आता या साधनाने होतात. पट्टीसाठीची युक्ती हुशारीची आहे. पानाच्या माथ्याशी एक पिक्सेल उंचीचा, डोळ्यांना न दिसणारा घटक ठेवायचा आणि नजर त्याच्यावर ठेवायची. तो चौकटीबाहेर गेला की वाचक खाली गेला, आत आला की वाचक माथ्याशी आहे. पट्टीचे स्वतःचे माप कितीही बदलले तरी पट्टीच्या वर असलेला हा घटक जागचा हलत नाही. मात्र स्क्रोल अँकरिंग आकडा बदलते तो त्याच्यासाठीही बदलतो, म्हणून वर सांगितलेली जागा कायम ठेवण्याची काळजी येथेही घ्यावीच लागते.

६. खिडकी नव्हे, घटकाची स्वतःची जागा

मीडिया क्वेरीला फक्त खिडकी दिसते. बातमीचा तोच तुकडा मुख्य रकान्यात ७०० पिक्सेल रुंद आणि कडेच्या रकान्यात २५० पिक्सेल रुंद असतो, खिडकी मात्र दोन्ही वेळी तीच असते. तुकड्याने आपल्याला मिळालेली जागा पाहून रूप घ्यावे, ही मागणी अनेक वर्षे होत होती आणि अनेक वर्षे तिला ‘अशक्य’ हेच उत्तर मिळत होते. कारण पुन्हा तेच चक्र: पेटी ४०० पेक्षा अरुंद असेल तर आतली अक्षरे मोठी करा असा नियम केला, मोठ्या अक्षरांनी पेटीच ४०० च्या पुढे ताणली, म्हणून अक्षरे लहान झाली, म्हणून पेटी पुन्हा आकसली.

जावास्क्रिप्टच्या बाजूने ‘रिसाइझ ऑब्झर्व्हर’ हे साधन २०१८ मध्ये क्रोममध्ये आणि २०२० पर्यंत इतर प्रमुख ब्राउझरांत आले. घटकाचे माप बदलले की ते खबर देते, आणि चक्रात न अडकण्यासाठी एक शिस्त पाळते: एका फ्रेममध्ये बाहेरच्या घटकाची खबर देऊन झाली की पुढच्या फेरीत त्याच्याहून आत असलेल्या घटकांच्याच खबरा द्यायच्या, उरलेल्या पुढच्या फ्रेमसाठी राखून ठेवायच्या. अशा फेऱ्या कधीतरी संपतातच, कारण घटकात घटक किती खोल असणार, यालाही अंत आहे.

सीएसएसचा मार्ग याहून स्वच्छ आहे. ‘कंटेनर क्वेरी’ वापरताना पेटीने आधी कबूल करावे लागते की तिची रुंदी आतल्या मजकुरावरून ठरणार नाही, ती बाहेरूनच ठरेल. एवढे वचन दिले की आतल्यांनी काहीही केले तरी पेटी ताणली जात नाही आणि चक्र सुरूच होत नाही. २०२२ मध्ये क्रोम आणि सफारी यांत आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्समध्ये ही सोय आली. ज्यांनी ‘अशक्य’ म्हटले होते त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. एका अटीशिवाय ते अशक्यच होते, आणि ती अट कोणती हे शोधण्यातच सगळा काळ गेला.

७. मोबाइलवरची पत्त्याची पट्टी

फोनवर पान सरकवले की ब्राउझरची पत्त्याची पट्टी लपते आणि चौकट उंच होते, म्हणजे सरकणे आणि आकार बदलणे या दोन घटना एकाच बोटाने घडतात. पहिले चित्र ‘चौकटीच्या शंभर टक्के उंच’ असावे असे लिहिले तर मोबाइल ब्राउझर ती उंची पट्टी लपलेली धरून मोजतात, म्हणून पान उघडल्याबरोबर चित्राच्या तळाशी असलेले ‘पुढे जा’चे बटण पडद्याखाली राहते. २०२२ मध्ये यासाठी तीन निराळी मापे आली: पट्टी दिसत असतानाची लहान उंची, लपल्यावरची मोठी उंची आणि क्षणोक्षणी बदलणारी चालती उंची. तिसरे माप सर्वांत अचूक वाटते, पण पान सरकताना त्याच्यामुळे मांडणी हलत राहते. बटण दिसावे एवढाच हेतू असेल तर लहान उंचीच घ्यावी.

८. चिकटणे, सरकणे आणि गरगरणे

सरकण्याशी निगडित असलेली सर्वांत जास्त लागणारी गोष्ट, म्हणजे पट्टी किंवा तक्त्याचा मथळा वर जाऊन तिथेच थांबणे, आता ‘स्टिकी’ या एका शब्दाच्या नियमाने होते. घटक आपली मूळ जागा सोडत नाही, फक्त चौकटीच्या कडेला टेकला की तिथे चिकटून राहतो. जागा कायम राहिल्यामुळे बाकी मजकुराची मांडणी बिघडत नाही. फायरफॉक्सने तो २०१४ मध्ये दिला. क्रोमने त्याच सुमारास आपला प्रायोगिक नियम तेव्हाच्या सरकवण्याच्या यंत्रणेशी जुळेना म्हणून काढून टाकला आणि २०१७ मध्ये परत आणला. तो लिहूनही चिकटत नसेल तर बहुतेक वेळा बाहेरच्या एखाद्या घटकावर ‘जास्तीचे लपवा’ हा नियम लावलेला सापडतो. तसे केले की तो बाहेरचा घटक स्वतःच सरकण्याची चौकट बनतो आणि आतली पट्टी खिडकीला न चिकटता त्याला चिकटू पाहते. पट्टी सध्या चिकटलेली आहे की नाही हे विचारून तिची सावली किंवा रंग बदलण्याची सोय मात्र सीएसएसमध्ये नव्हती. क्रोमने ती २०२५ मध्ये कंटेनर क्वेरीच्याच कुळात आणली.

सरकण्याबरोबर चित्रे हलवून गोष्ट सांगण्याची आवड वाढली ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ‘स्नो फॉल’ या डिसेंबर २०१२ च्या वृत्तलेखानंतर. वॉशिंग्टन राज्यातल्या टनेल क्रीक येथील हिमस्खलनाची जॉन ब्रँच यांनी लिहिलेली ती हकिगत वाचक खाली सरकेल तसतशी नकाशे आणि चलचित्रे उलगडत नेई. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिकही मिळाले. त्यानंतर अनुकरणांची जी रीघ लागली तीत मूळ लेखातला संयम अभावानेच दिसला, आणि बोट एक वाव हलवले तर पान वीतभरच सरकावे, असे वाचकाच्या हातातून सरकणेच काढून घेणारे प्रयोगही झाले. क्रोमने २०२३ मध्ये आणलेल्या सरकण्याशी जोडलेल्या ॲनिमेशनमध्ये असा हस्तक्षेप लागत नाही. ॲनिमेशनला एरवी घड्याळ चालवते. येथे घड्याळाच्या जागी सरकण्याचा आकडा बसवला जातो, म्हणून वाचक थांबला की चित्र थांबते आणि मागे गेला की मागे जाते. हलवणे, फिरवणे, पारदर्शक करणे एवढ्यापुरते ते मर्यादित ठेवले तर जावास्क्रिप्टच्या धाग्याची वाटही पाहावी लागत नाही, आणि पहिल्या भागातली ती प्रगतीची रेघ दोनतीन ओळींच्या सीएसएसमध्ये तयार होते.

काही वाचकांना मात्र हे हलणेच सोसत नाही. तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानात असते. डोळ्यांना हालचाल दिसली आणि कानाला ती जाणवली नाही तर काहींना भोवळ येते, मळमळते. २०१३ मध्ये आयफोनच्या सातव्या आयओएसमधल्या हलत्या पार्श्वभूमी आणि झेपावणारे पडदे पाहून अशा तक्रारी आल्या, तेव्हा ॲपलने त्याच वर्षी हालचाल कमी करण्याच्या सेटिंगची व्याप्ती वाढवली, आणि २०१७ मध्ये सफारीने हेच सेटिंग वेबपानालाही कळावे म्हणून मीडिया क्वेरीत एक नवी अट दिली; ती आता सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. अटीचा अर्थ लावताना दोन टोके गाठली जातात: एक तर तिच्याकडे दुर्लक्ष होते, नाहीतर पानातले सगळेच बदल बंद केले जातात. वास्तविक पट्टी बारीक होण्याने कोणाला भोवळ येत नाही, ती तरंगत बारीक होण्याने येऊ शकते. म्हणून ज्या वाचकाने हे सेटिंग चालू केले आहे त्याच्यासाठी पट्टी बारीक होऊ द्यावी, फक्त त्या बदलाला लागणारा वेळ शून्य करावा.